सकाळी ठरवून संध्याकाळी परत

एक साधं वाक्य घ्या. ‘चला, आज समुद्रावर जाऊन येऊ.’ सकाळी चहा घेताना कोणीतरी म्हणतं, तासाभरात बॅग भरली जाते, बाळाचे दुपटे-डायपर कोंबले जातात, आणि रात्री सगळे पायाला वाळू घेऊन घरी परत. या वाक्याला इतिहास असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एखादं छोटं ॲप चालवायचं तरी त्याच्या पोटात पन्नास गोष्टी आधीपासून बसवलेल्या असाव्या लागतात. त्यांना आम्ही डिपेंडन्सी म्हणतो. त्या नीट चालतात तोवर दिसत नाहीत. एक जरी तुटली तरी सगळं बंद पडतं. ‘चला, आज समुद्रावर जाऊन येऊ’ या वाक्याच्या पोटातही अशा डिपेंडन्सी आहेत. सुट्टीचा दिवस हवा. त्याच दिवशी परत आणणारं वाहन हवं. पाणी कधी वर येणार आणि कधी उतरणार ते माहीत हवं. आणि सोबत तान्हं बाळ असेल, तर त्याच्या आईला घराबाहेर पडण्याची सवड आणि ताकद हवी. यातली एकही गोष्ट आपोआप आलेली नाही. मुंबई ते अलिबाग एवढ्याच वाटेवर त्या कशा आल्या, ते सांगतो.

खंडोबाचा वार

पहिली डिपेंडन्सी रविवार. १८८०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. दिवस उजाडला की भोंगा, दिवस मावळला की सुटका. सणावाराला गिरणी बंद राही, यंत्रं पुसायलाही अधूनमधून बंद राही, पण कामगाराला हक्काचा असा वार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यात आठवड्याला एक पूर्ण सुट्टी ही मागणी होती, आणि ती रविवारची होती. साहेबाचा चर्चला जायचा वार म्हणून नाही. रविवार हा खंडोबाचा वार, आणि मुंबईत आलेल्या घाटावरच्या कष्टकऱ्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षी फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आपण शुक्रवारी संध्याकाळी ‘हॅपी वीकेंड’ टाकतो, त्या वीकेंडच्या मुळाशी हे मैदान आहे.

पण रविवार मिळाला म्हणून लोक समुद्रावर मजा करायला जाऊ लागले, असं लगेच झालं नाही. तो दिवस कपडे धुण्यात, बाजारात आणि झोपेत जाई. समुद्र ही मजेची जागा आहे, ही कल्पनाच मुळात उशिरा आलेली आहे. युरोपातही ती आधी औषध म्हणून आली. १७५०च्या सुमारास रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने गाठींच्या आजारावर समुद्राचं पाणी गुणकारी असल्याचं पुस्तक लिहिलं. रोगी ब्रायटनला डुंबायला जाऊ लागले, मग श्रीमंत, मग १८४१ साली तिथवर रेल्वे पोचल्यावर एका दिवसासाठी सामान्य माणसं. आपल्याकडे कोळ्याला समुद्र म्हणजे शेत. बाकीच्यांना तो पर्वस्नानाचा, नारळी पौर्णिमेच्या नारळाचा, अस्थिविसर्जनाचा. ‘हवा खायला जाणं’ हा शब्दप्रयोग साहेबाच्या मुंबईत रुळला, आणि हवा खायला वेळ असलेल्यांनीच तो आधी वापरला.

बाळगोळी

आता बाळाकडे येऊ.

आजीच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. बायका बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग खात्यांतच असत. तिची मुलं खोलीत शेजारणीच्या भरवशावर राहत. आजीने सासूच्या तोंडून ऐकलेला एक शब्द मला सांगितला, बाळगोळी. मला वाटलं गुटीसारखं काहीतरी असेल. ती अफूची गोळी होती. आई पाळीवर गेली की बाळ रडू नये, दिवसभर निपचित झोपावं, म्हणून त्याला अफू देत. हा फक्त आजीचा शब्द नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या कामगार बायकांची पाहणी झाली, त्या सरकारी अहवालांतही गिरणीतल्या आयांच्या बाळांना अफू देण्याची नोंद आहे. ती बाळं रविवारी शुद्धीवर असत, कारण रविवारी आई घरी असे. लोखंड्यांच्या रविवाराचा हा अर्थ मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

बाळंतिणीला पगारी रजा हा कायदा देशात सगळ्यात आधी मुंबई इलाख्यात झाला, १९२९ साली. त्याआधीच्या वर्षी मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तिचा भार मालकाने आणि सरकारने उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या कारखान्यांना पाळणाघर बांधायला लावलं. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली. बापासाठी मात्र खाजगी नोकरीत आजही कायद्याने एकही दिवस नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. मी माझ्या वार्षिक रजेतले आठ दिवस वापरले.

हे सगळं मला अंकासकट का पाठ आहे, तर माझ्या बायकोचे २६ आठवडे या थंडीत संपले. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. मुलगी साडेपाच महिन्यांची. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ती मुलीला मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. एकदम म्हणाली, “चल ना, कुठेतरी जाऊ. समुद्र दिसेल असं कुठेही.” सहा महिन्यांत ती दवाखाना आणि माहेर सोडून कुठेही गेलेली नव्हती. मी फोनवर मांडव्याच्या रो-रो बोटीची तिकिटं पाहू लागलो.

आजी म्हणाली, “आज तिथी कोणती रे?”

रामदास

हा प्रश्न कुठून येतो, ते सांगायला १९४७मध्ये जावं लागेल.

कोकणातले लोक मुंबईला आले ते समुद्रावरून. रस्ते नव्हते, रेल्वे तर १९९०च्या दशकात आली. वाट होती ती आगबोटीची, आणि कुलाबा जिल्ह्याचं दार म्हणजे भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. त्यांनी बांधलेल्या धक्क्याचं नाव पुढे जागा बदलली तरी टिकून राहिलं. आगबोटींचा धंदा बराच काळ इंग्रजी कंपन्यांकडे होता. त्याला स्वदेशी उत्तर म्हणून एक सहकारी बोट कंपनी निघाली. कोकणात तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बहुतेक बोटींना संतांची किंवा देवांची नावं असत. त्यातल्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ १९२७च्या नोव्हेंबरात बुडाल्या. तिसरी ‘रामदास’.

‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडमधल्या स्वान हंटर गोदीत बांधली गेली. टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना उचलणारी ‘कार्पेथिया’ त्याच गोदीतली. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढ अमावास्येचा सुमार. श्रावण लागायच्या आत गावी जाऊन यावं म्हणून निघालेली माणसं बोटीत ठासून भरलेली. सकाळी आठला ‘रामदास’ रेवसला जायला निघाली. पाऊस सुरू झाला, समुद्र खवळला. अर्ध्या-पाऊण तासात, काशाच्या खडकाजवळ, मोठ्या लाटेने बोट कलली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली.

बोटीवर बिनतारी संदेशाची यंत्रणा नव्हती. म्हणजे मुंबई डोळ्यांच्या टप्प्यात होती, पण मुंबईला काही कळवता येत नव्हतं. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी माणसं पाहिली. त्यांनी पकडलेली मासळी समुद्रात टाकली आणि जागा करून माणसं आत घेतली. काही जण पोहत, तरंगत किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे शहराला बातमी कळली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य २९ दिवसांवर होतं. देशाच्या इतिहासात त्या महिन्यावर इतकं काही लिहायचं होतं की ‘रामदास’ला ओळभर जागा उरली. रायगडातल्या गावांमध्ये मात्र ती अजून आहे.

आजीचा काका त्या बोटीत होता. तो परत आला नाही. आजी तेव्हा सहा वर्षांची. तिला काकाचा चेहरा आठवत नाही. घरातल्या बायका दिव्यांच्या अवसेला दिवे घासत होत्या आणि ते तसेच राहिले, एवढं आठवतं. लग्न होऊन ती लालबागला आली आणि माहेरी कायम एसटीने गेली. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड. पाण्यावरून तासाभराची वाट असताना ती पाच-पाच तास रस्त्याने जायची.

पाऊणपट

पण तिथीच्या प्रश्नात फक्त भीती नव्हती. त्यात हिशोब होता.

किनाऱ्यावरच्या लोकांकडे भरतीची वेळ काढायची एक रीत आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरा तिथी झाल्या की पुन्हा एकपासून मोजायचं.

हे बरोबर का येतं, ते पाहा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तिथी चंद्राचीच असते, इंग्रजी तारखेला चंद्राशी घेणंदेणं नाही. म्हणून तारखेवरून भरती काढता येत नाही, तिथीवरून तोंडी काढता येते. शिवाय तिथीच पाण्याचा जोरही सांगते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात, तेव्हा भांग. भांगात भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. मी कामात यापेक्षा खूप मोठं कोड लिहिलं आहे. एका ओळीत इतकं काम करणारं थोडंच.

त्या दिवशी शुद्ध नवमी होती. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे ओहोटी दुपारी एकच्या आसपास, आणि पाणी शांत. आजीने बोटांवर मोजलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग मीही येते. पोरीला माझ्या मांडीवर दे.” अवस असती तर ती आली नसती, आणि आम्हालाही जाऊ दिलं नसतं, याची मला खात्री आहे. उधाणाच्या दिवशी लहान बाळाला घेऊन त्या पाण्यात जायला मीही आता दोनदा विचार करेन.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, आणि लॉकडाऊनमुळे लगेच काही महिने थांबली. ५०० माणसं आणि १४५ गाड्या घेणारी बोट आहे. गेटवेवरच्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ही चालू असते. गाडी आत चढवायची, जिन्याने वर जायचं, तासाभरात पलीकडे. आजी सगळा वेळ खिडकीशी बसली होती. मध्येच म्हणाली, “काशाचा खडक कुठे रे?” मी फोनवर नकाशा उघडून बोट ठेवलं. तिने नकाशाकडे पाहिलं, मग बाहेर पाण्याकडे, आणि मुलीचं कानटोपरं नीट केलं.

पाण्याचा दरवाजा

अलिबागचा कुलाबा किल्ला हा तर या पाऊणपटीवरच उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८०च्या मार्चमध्ये त्याचं काम सुरू केलं आणि पुढच्या महिन्यात ते गेले. बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात झालं. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चालायचं. किल्ला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला भोवती समुद्र. दिवसातून दोनदा दरवाजा उघडणारा आणि दोनदा बंद करणारा पहारेकरी, आणि त्याला पगार नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले तरी किल्ला पडला नाही. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं, ही त्या किल्ल्याची खरी ताकद.

भांगाचे दिवस असल्यामुळे ओहोटीलाही वाटेत गुडघाभर पाणी होतं. आम्ही घोडागाडी केली. आजी किनाऱ्यावरच थांबली. मुलगी आईच्या पोटाशी बांधलेली, आणि घोडा पाण्यातून चालताना चाकांचा जो आवाज येत होता तो ती डोळे मोठे करून ऐकत होती. तटावर वारा होता. बायको एका दगडावर बसून मुलीला पाजत होती. मी आडोसा धरून उभा राहिलो. ती म्हणाली, “उद्या या वेळेला मी मीटिंगमध्ये असेन.” मी काही बोललो नाही, कारण त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

गाडीवाले काका परत नेताना घाई करत होते. पाणी चढायच्या आत त्यांना अजून दोन फेऱ्या करायच्या होत्या. “आमचा रविवार मंगळवारी,” म्हणाले, “तोही गिऱ्हाईक नसलं तर.” लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपल्याला मजेत घालवता यावा म्हणून त्या दिवशी कोणीतरी बोट चालवतं, कोणीतरी भजी तळतं, कोणीतरी घोडा हाकतं. त्यांच्या सुट्टीचा वार अजून ठरायचा आहे.

जॅकेटचं माप

इतिहास पुढे सरकतो, पण डिपेंडन्सी पुन्हा तुटू शकतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या, इंजिनची चाचणी चाललेल्या स्पीडबोटीने धडक दिली. शंभरहून जास्त माणसं बोटीत होती. १५ जणांचा जीव गेला. समुद्र शांत होता, दिवसाचा उजेड होता, फोन सगळ्यांच्या खिशात होते. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. अपघातानंतर जॅकेट घालणं सक्तीचं झालं. ‘रामदास’नंतरही शहाणपण असंच नंतर आलं होतं.

बाळाबद्दल तर प्रश्न अजून बारीक आहे. मोठ्यांचं जॅकेट बाळाला घातलं तर ते त्यातून निसटतं, म्हणून बाळांचं वेगळं असावं लागतं. आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या प्रवासी जहाजांना २०१० पासून नियम आहे. २४ तासांपेक्षा कमी सफर असेल तर प्रवाशांच्या संख्येच्या किमान अडीच टक्के जॅकेट तान्ह्या बाळांच्या मापाची असली पाहिजेत. आपल्या धक्क्यांवरून सुटणाऱ्या लहान लाँच त्या नियमात येत नाहीत. आणि सकाळी ठरवून तान्ही बाळं घेऊन निघणारी आपल्यासारखी कुटुंबं बहुतेक त्याच लाँचमध्ये बसतात.

म्हणून पुढच्या रविवारी तुमच्या घरात कोणी म्हणालं, ‘चला, समुद्रावर जाऊ,’ तर जरूर जा. बाळ लहान आहे म्हणून आईला घरात अडकवून ठेवू नका. फक्त निघायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आज तिथी कोणती? परतीची शेवटची बोट किती वाजता? आणि बाळाच्या मापाचं जॅकेट आहे का? पहिल्या दोन गोष्टी फोनवर मिळतात. तिसरी धक्क्यावर उभं राहून, बोटीत पाय टाकायच्या आधी, मोठ्याने विचारावी लागते.